जर, तर आणि नाहीतर

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पेपर उघडला की एक बातमी ठरलेली असते. राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत १४२८ क्युसेक विसर्ग. दरवाजे एकूण सात. कितवा उघडला, किती उघडले यावरून घरोघरी बोटांवर हिशेब सुरू होतो की हे पाणी पंचगंगेला कधी पोचणार आणि गल्लीत कधी शिरणार. या गडबडीत ‘स्वयंचलित’ या शब्दापाशी कुणी थांबत नाही. या प्रकरणात आपण तिथंच थांबायचं आहे.

शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाचे हे दरवाजे रात्री दोन वाजता, धो धो पावसात, लाईट गेलेली असतानाही उघडतात. कुणी बटण दाबत नाही, कुणी चाक फिरवत नाही. तलावाची पातळी ठरलेल्या रेषेला पोचली की पाण्याच्याच जोरावर दरवाज्याचा तोल बदलतो आणि तो उघडतो. पातळी उतरली की मिटतो. ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्येच स्वयंचलित दरवाजे बसवले होते.

ऑटोमेशनचं बीज इथं आहे. जर पाणी रेषेला पोचलं, तर दरवाजा उघड. जर उतरलं, तर मीट. ही दोन वाक्यं तिथं लोखंडात आणि वजनाच्या तोलात लिहिलेली आहेत. म्हणून ती शंभर टक्के पाळली जातात, आणि म्हणूनच बदलता येत नाहीत. उद्या कुणी म्हणालं की दरवाजा अर्धा फूट आधी उघडू दे, तर ते सांगण्यापुरतं सोपं. करायला घ्यायचं म्हणजे लोखंडाला हात घालावा लागेल.

तारेत लिहिलेली वाक्यं

कारखान्यात वाक्यं सारखी बदलतात. आज पंपाची बॉडी ओतायची, उद्या ट्रॅक्टरचा हाउसिंग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात जुन्या मशीनचं पॅनेल उघडून बघा. रांगेनं लावलेले रिले, कॉन्टॅक्टर, टायमर आणि त्यांच्यामधून गेलेला तारांचा गुंता दिसेल. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की आत लोहचुंबक तयार होतं, पट्टी ओढली जाते आणि खट् आवाज करून कॉन्टॅक्ट जुळतो किंवा सुटतो. दोन कॉन्टॅक्ट एकापुढे एक जोडले की अर्थ होतो ‘हे आणि ते’. शेजारी शेजारी जोडले की ‘हे किंवा ते’. मशीनवरचा संरक्षक गार्ड बंद असेल आणि तेलाचा दाब असेल, तर मोटार चालू. हे सगळं तारा कशा जोडल्या यावरून ठरतं. म्हणजे धरणावर लोखंडात असलेलं वाक्य इथं तांब्यात आलं.

तांबं लोखंडापेक्षा बदलायला सोपं, पण शंभर रिलेंच्या पॅनेलमध्ये एक अट घालायची म्हणजे मिस्त्रीचा दिवस जातो, आणि नेमकी कुठली तार कुठं गेली हे जोडणाऱ्यालाच माहीत असतं. हीच डोकेदुखी जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला अमेरिकेत होती. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेची पॅनेलं उसकटायची, पुन्हा जोडायची, नाहीतर भंगारात घालायची. १९६८ मध्ये त्यांनी मागणी मांडली की तारा न बदलता काम बदलता येईल असं काहीतरी द्या. त्याच सुमारास बेडफर्ड असोसिएट्स या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांचे सहकारी अशाच यंत्राच्या मागे होते. त्यांचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. मॉडिकॉन ०८४ हा पहिला पीएलसी म्हणून ओळखला जातो. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे ज्यातलं जर-तर पुन्हा लिहिता येतं असा नियंत्रक. वाक्य आता तांब्यातून मेमरीत आलं.

खोक्यात काय असतं

पीएलसी हातात घेतला तर वहीएवढा किंवा त्याहून लहान खोका. पॅनेलमध्ये पत्र्याच्या पट्टीवर टक् करून बसतो. एका बाजूला इनपुट, म्हणजे बाहेरची बातमी आत येण्याची दारं. तिथं बटणं, लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी सेन्सर जोडायचे, बहुधा २४ व्होल्ट डीसीवर. दुसऱ्या बाजूला आउटपुट, म्हणजे आतला हुकूम बाहेर जाण्याची दारं. त्यावरून कॉन्टॅक्टरची कॉइल, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिवा, हूटर चालतो. मोठी मोटार थेट पीएलसीवर कधीच जोडत नाहीत. पीएलसी कॉन्टॅक्टरला, म्हणजे थोरल्या रिलेला सांगतो, कॉन्टॅक्टर मोटारीला. मधे असतो सीपीयू, आणि या सगळ्यांना पोसणारा पॉवर सप्लाय.

सीपीयूचं काम रात्रीच्या गुरख्याच्या गस्तीसारखं असतं. तो फेरी सुरू करतो. आधी सगळी इनपुटं बघून त्यांची अवस्था टिपून घेतो, मग प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो, मग जे ठरलं ते आउटपुटांवर पाठवतो. लगेच पुढची फेरी. एका फेरीला स्कॅन म्हणतात. समजा एका स्कॅनला १० मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला शंभर फेऱ्या होतात. माणसाला हे अखंड वाटतं. पण दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेलेला चोर गुरख्याला दिसत नाही, तसं स्कॅनच्या मधे येऊन गेलेला सिग्नल पीएलसीला दिसत नाही. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या शाफ्टवर, फेऱ्याला १००० पल्स देणारा एन्कोडर लावला तर सेकंदाला २५,००० पल्स येतात. गस्त फक्त शंभर. अशा वेळी हायस्पीड काउंटर नावाचं वेगळं दार वापरतात, कारण ते फेरीची वाट न बघता मोजत राहतं.

गस्तीचा नियम कळला की नवशिक्यांची एक ठरलेली चूकही कळते. एकच आउटपुट प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी लिहायचं: पाचव्या ओळीत मोटार चालू, चाळिसाव्या ओळीत तीच मोटार बंद. आउटपुट फेरीच्या शेवटी जातं, म्हणून जिंकते ती चाळिसावी ओळ. पाचवी ओळ स्क्रीनवर बरोबर दिसत राहते आणि मोटार ढिम्म हलत नाही. म्हणून एका आउटपुटला एकच ओळ द्यायची आणि सगळ्या अटी तिथंच गोळा करायच्या.

शिडीची पहिली पायरी

पीएलसीच्या पाच भाषा १९९३ च्या आयईसी ६११३१-३ या मानकात आल्या, पण कारखान्यात आजही सर्रास दिसते ती लॅडर. दोन उभ्या रेघा, मधे आडव्या ओळी, म्हणून शिडी. ती मुद्दाम रिलेच्या वायरिंगच्या नकाशासारखी ठेवली, कारण पॅनेल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती पहिल्या दिवशी वाचता यायला हवी होती. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा आजही संगणकाची दुसरी भाषा न शिकता लॅडर वाचू लागतो, ते याच कारणानं.

पहिली पायरी सगळीकडे एकच: स्टार्ट आणि स्टॉप. हिरवं बटण दाबलं की मोटार सुरू व्हावी आणि बोट काढल्यावरही चालू राहावी. म्हणून हिरव्या बटणाच्या शेजारी, ‘किंवा’च्या जागी, मोटारीचाच कॉन्टॅक्ट जोडतात. मोटार चालू आहे, म्हणून चालू राहा. याला होल्डिंग म्हणतात. त्यांच्या पुढे लाल बटण आणि ओव्हरलोड रिले. यांतला एक जरी तुटला तरी होल्डिंग सुटतं आणि मोटार थांबते.

इथं एक गोष्ट उलटी वाटते. लाल बटण एनसी लावतात, म्हणजे न दाबता त्यातून वीज वाहत असते आणि दाबल्यावर तुटते. दाबल्यावर जुळणारं बटण का नाही लावायचं? कारण ते लावलं आणि तार उंदरानं कुरतडली, तर कळणारच नाही. मशीन मजेत चालत राहील, आणि ज्या दिवशी कुणी जिवाच्या आकांतानं लाल बटण दाबेल त्या दिवशी काहीच होणार नाही. एनसीमध्ये तार तुटणं म्हणजेच बटण दाबणं. मशीन उभं राहतं, माणूस शोधायला लागतो, बिघाड सापडतो. माणसाच्या जिवाशी गाठ असलेला इमर्जन्सी स्टॉप तर नुसता प्रोग्रॅमवर सोडतच नाहीत. तो सेफ्टी रिलेतून थेट पॉवर तोडतो, पीएलसीला फक्त कळवतो.

एकोणचाळीस आणि त्रेचाळीस

बटण दाबलंय किंवा दाबलं नाही. याला डिजिटल म्हणतात. पण सगळ्याच बातम्या अशा दोन शब्दांत मावत नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, असं कोल्हापूरकराला विचारलं तर तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, फूट आणि इंच सांगतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात तर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. अशा मोजमापाला अ‍ॅनालॉग म्हणतात.

समजा बंधाऱ्यावर ० ते ६० फूट मोजणारा सेन्सर बसवला. तो पीएलसीला फूट पाठवत नाही, विजेचा प्रवाह पाठवतो: शून्य फुटाला ४ मिलिअँपिअर, साठ फुटाला २०. मधल्या सोळाचे भाग करायचे. ३९ फुटांना १४.४ मिलिअँपिअर, ४३ फुटांना सुमारे १५.५. पीएलसी त्याचा पुन्हा आकडा करतो. सीमेन्सच्या पीएलसीत पूर्ण रेंज २७,६४८ धरतात, म्हणजे ३९ फुटांना सुमारे १७,९७१. असा विचित्र आकडा स्क्रीनवर दिसला की घाबरायचं नाही, त्रैराशिक मांडायचं.

सुरुवात शून्यापासून न करता चारापासून का, तेही लाल बटणाच्याच चालीनं समजतं. शून्य फुटाला शून्य प्रवाह ठेवला असता तर नदी आटली की तार तुटली हे ओळखता आलं नसतं. आता प्रवाह चारच्या बराच खाली गेला, की बिघाड नदीत नसून तारेत आहे.

पाणी ३९ च्या आसपास लाटांनी वरखाली होत असेल तर आणखी एक अडचण येते. ३९ ला हूटर चालू, ३९ च्या खाली बंद, असं लिहिलं तर हूटर मिनिटाला वीस वेळा ओरडेल. म्हणून चालू करायची रेषा ३९ वर आणि बंद करायची साडेअडतीसवर ठेवतात. घरच्या टाकीचा पंपही याच कारणानं खालच्या फ्लोटवर सुरू होतो आणि वरच्यावर बंद.

मुठीतली वाळू

आता खऱ्या कामाकडे येऊ. कोल्हापूरच्या फाउंड्रीत साचा बनतो वाळूचा: वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी. ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांचा. जास्त झाला तर कास्टिंगमध्ये वाफेची भोकं पडतात, कमी झाला तर साचा ढासळतो. एका फाउंड्रीच्या सँड मिक्सरवर पीएलसी बसवायचा होता तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा जुन्या ऑपरेटर मामांपाशी वही घेऊन बसला. मीही शेजारी होतो.

“मामा, पाणी किती घालता?”

“वाळू बघून.”

“वाळूत काय बघता?”

मामांनी मिक्सरमधली वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा. तो मधोमध मोडला. कडा धारदार राहिल्या. “हे असं. चुरा झाला नाही पाहिजे आणि हाताला चिकटली नाही पाहिजे.”

मुलगा हिरमुसला. ‘हे असं’ वहीत कसं लिहायचं? मग त्यानं प्रश्न बदलला. “पाणी जास्त कधी लागतंय?”

“परतीची वाळू गरम आली की. मोल्डिंगला पोचेपर्यंत वाळतीय की ती.”

“गरम म्हणजे किती?”

“हात ठेवून सोसत नाही तेवढी.”

इथं त्याची पेन्सिल चालायला लागली. हाताला सोसत नाही म्हणजे किती अंश, ते मोजता येतं. वाळूच्या वाटेवर तापमानाचा सेन्सर बसवता येतो. जर वाळू गरम, तर पाणी वाढव. दाबल्यावर वाळू किती बसते तेही मोजण्याची साधनं असतात. मूठ जे सांगत होती त्याचे तासाभरात चार-पाच ‘जर’ निघाले.

त्यांची ओळ अशी लागली: खालचं गेट बंद, गार्ड बंद, मिक्सरची मोटार चालू. मग वजनकाट्याच्या हॉपरमधून वाळू. मग पूड आणि माती, कोरं मिश्रण, मग पाणी, ओलं मिश्रण, गेट उघड, वाळू बेल्टवर. प्रत्येक पायरीला एक टायमर किंवा एक वजन. वजनातही एक खोच असते. हजार किलोला हॉपर बंद करा असं सांगितलं तर काट्यावर हजाराच्या वर आकडा येतो, कारण बंद करायच्या क्षणी थोडी वाळू अजून हवेत असते. ती पंधरा किलो निघाली, तर हुकूम ९८५ लाच द्यायचा.

मुलगा वही मिटत होता तेव्हा मामा म्हणाले, “आणि गेट नीट लागलंच नाही तर? मधे खडा अडकतोय कधीकधी. मग सगळी वाळू कोरडीच बेल्टवर जातीय.”

मला त्या दुपारचं हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘गेट बंद’ हा हुकूम देणं आणि गेट बंद झालंय हे बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलानं गेटच्या टोकाला लिमिट स्विच मागितला आणि लिहिलं: हुकूम दिल्यावर पाच सेकंदांत स्विचची बातमी आली नाही, तर पुढची पायरी घ्यायची नाही, हूटर वाजवायचा. जर-तर कुणीही लिहितो. ‘नाहीतर’ ज्यानं मशीनवर आयुष्य काढलंय त्यालाच माहीत असतं, आणि तो ते न विचारता सांगेलच असं नाही.

दिवे वाचायला शिका

मशीन बंद पडलं की पहिला संशय पीएलसीवर जातो. बिचारा क्वचित दोषी असतो. फाउंड्रीत वाळू आणि धूर, मशीनशॉपमध्ये कुलंट आणि बुरादा. मरतात ते बाहेरचे सेन्सर, ढिले होतात ते तारांचे स्क्रू. लॅपटॉप उघडण्याआधी खोक्यावरचे दिवे बघायचे. प्रत्येक इनपुटला आणि आउटपुटला एक बारीक दिवा असतो.

बटण दाबलं आणि इनपुटचा दिवा लागला नाही, तर दोष बटण, सेन्सर किंवा त्यांच्या तारेत. इनपुट लागला, आउटपुटही लागला, पण मोटार फिरली नाही, तर दोष कॉन्टॅक्टर, फ्यूज किंवा मोटारीकडे. इनपुट लागला आणि आउटपुट लागला नाही, तर मशीन कुठल्यातरी अटीसाठी थांबलंय. गार्ड उघडा असेल, गेट लागलं नसेल, ओव्हरलोड पडला असेल. या तिसऱ्या प्रकारातच लॅडर उघडायची, आणि त्या आउटपुटच्या ओळीत कुठला कॉन्टॅक्ट जुळला नाही तेवढंच बघायचं.

यासाठी प्रोग्रॅम आपल्याजवळ हवा. पॅनेल बनवणारा पासवर्ड घालून गेला आणि बॅकअप कुणाकडेच नाही, अशी पॅनेलं मी कमी पाहिली नाहीत. मशीन ताब्यात घेताना प्रोग्रॅमची प्रत, इनपुट-आउटपुटची यादी आणि वायरिंगचा नकाशा मागून घ्यायचा. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ओळीला ती का लिहिली ते मराठीत लिहून ठेवलं तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन दुवा देतो.

लाईट गेली तर

शेवटचा ‘नाहीतर’ सगळ्यात मोठा. वळवाचा पाऊस, कडाड वीज, आणि सगळी वसाहत अंधारात. दहा मिनिटांनी लाईट आली. मशीननं काय करायचं?

सँड मिक्सरनं थांबून राहायचं. त्या दहा मिनिटांत कुणी आत वाकून वाळू खरवडत असेल. होल्डिंगचा फायदा इथं कळतो. वीज गेली की ते सुटतं आणि परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार फिरत नाही. पण पीएलसीत काही खुणा वीज गेल्यावरही लक्षात ठेवायची सोय असते. मोटार चालू होती ही खूण चुकून तशा मेमरीत ठेवली, तर लाईट येताच मशीन आपसूक सुरू होईल.

शेजारच्या इंडक्शन फर्नेसचं नेमकं उलट. तिची कॉइल तांब्याच्या नळीची, आतून पाणी फिरत असतं. लाईट गेली तरी भट्टीतलं वितळलेलं लोखंड गरमच असतं, म्हणून पाणी थांबून चालत नाही. त्यासाठी उंचावर टाकी ठेवतात. पंप थांबला की पाणी आपल्या वजनानंच कॉइलमध्ये उतरतं. मिक्सरला थांबणं सुरक्षित, भट्टीला वाहणं सुरक्षित. त्यामुळे ‘बिघाड झाला की सगळं बंद कर’ असा सरसकट नियम लिहून भागत नाही. प्रत्येक आउटपुटपुढे बोट ठेवून विचारायचं: वीज गेली, तार तुटली, पीएलसीच बंद पडला, तर हे उघडं राहिलेलं बरं की मिटलेलं?

राधानगरीचे दरवाजे बांधणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवूनच बांधकाम केलं होतं. ज्या रात्री दरवाजा उघडायची गरज सगळ्यात जास्त, त्याच रात्री वीज आणि रस्ता दोन्ही जाणार. म्हणून दरवाजा उघडायची ताकद त्यांनी पुराच्या पाण्यातूनच घेतली. भट्टीवरची टाकी याच विचारानं उभी असते. पुढच्या पावसाळ्यात १४२८ क्युसेकची बातमी वाचाल तेव्हा आपल्या कारखान्यातलं एक पॅनेल आठवा, आणि त्याच्या कागदावर ‘नाहीतर’चा रकाना भरलेला आहे का ते बघा. रिकामा असेल तर वही घेऊन मिक्सरवरच्या मामांकडे जा.